ताईंचा दर

आमच्या आत्याने आयुष्यात कधी घासाघीस केली नाही. तिच्यासमोर कुणी "जरा कमी करा ना" म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. दुकानदाराने एक भाव सांगायचा, गिऱ्हाईकाने तो द्यायचा किंवा चालू पडायचं, असा तिचा खाक्या. भाव विचारणं हेच तिचं काम होतं आणि कामाच्या बाबतीत ती नाकावर माशी बसू द्यायची नाही.

एका आर्थिक संशोधन संस्थेत ती भाव-नोंदणीला होती. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, ते आम्हाला कुणालाच पाठ नव्हतं. गल्लीत सगळे तिला 'भाववाली' म्हणत. दर महिन्याच्या सुरुवातीला ती ठरलेल्या जागी फेरी मारायची. ट्रकच्या अड्ड्यावर जाऊन मालाचं भाडं विचारायचं, पेट्रोल पंपावर आणि सिलिंडरच्या गोदामात जायचं, वीज कंपनीच्या खिडकीवर नवा दर बघायचा आणि शेवटी किराणा दुकानं. जिन्नस तोच, वजन तेच, दुकान तेच. बदलेल तो फक्त भाव. हे सगळं संस्थेत गेलं की तिथली शिकलेली मंडळी त्याची गणितं करायची आणि महिनाअखेरीला आमच्या शहराचा महागाईचा आकडा जाहीर व्हायचा. त्यावर बसचं तिकीट ठरायचं, पगार वाढायचे, निवृत्त माणसांची पेन्शन वाढायची. "माझ्या चपला झिजतात तेव्हा लोकांचे पगार वाढतात," असं ती म्हणायची, आणि हे ती गमतीत म्हणत नसे.

दिसायला बुटकी, चालायला भरभर. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा हातकाटा. साखर एक किलो म्हणून दिली तर ती एक किलोच आहे ना, हे ती दुकानातच काटा टांगून बघायची. दुकानदारांना हा अपमान वाटायचा. "तुमचा काटा बरोबर आहे, पण माझं समाधान," असं म्हणून ती हसायची, आणि तिचं हसणं बघितलं की माणसाला रागावता यायचं नाही.

तिचा एक नियम संस्थेनेसुद्धा घातलेला नव्हता, तिचा तिनेच घातलेला होता. नुसता विचारलेला भाव ती लिहायची नाही. दुकानदार तोंडाला येईल ते सांगेल, त्याचं काय जातं? म्हणून ती प्रत्येक जिन्नस थोडा का होईना विकत घ्यायची, पैसे मोजायची आणि मग लिहायची. पैसे दिल्याशिवाय भाव खरा होत नाही, हे तिने मला लहानपणापासून इतक्यांदा ऐकवलं होतं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

दुसरा नियम मात्र संस्थेचा होता. एखाद्या जिन्नसाने एका महिन्यात मोठी उडी मारली तर कारण लिहायचं. ट्रकचं भाडं वाढलं का, माल कमी आला का, कर बसला का. आत्याला उडी अजिबात खपायची नाही. भाव अचानक वाढलेला दिसला की ती दुकानदारासमोर खुर्ची ओढून बसायची आणि त्याची उलटतपासणी घ्यायची. बिचारे वैतागून जायचे.

माझे वडील, म्हणजे तिचा मोठा भाऊ, मी शाळेत असतानाच गेले. आत्याने लग्न केलेलं नव्हतं, ती आमच्यातच राहायची. वडिलांच्या मागे घर तिच्या पगारावर चाललं. आई घर सांभाळायची, आत्या बाहेरचं बघायची. आई तिला 'वन्सं' म्हणायची, ती आईला 'वहिनी', आणि नणंद-भावजय असूनही दोघींचं कधी भांड्याला भांडं लागल्याची आठवण मला नाही. लोक आमच्या घराचं उदाहरण द्यायचे. आता ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

किराण्याच्या आकड्यासाठी शहरात तीन दुकानं ठरलेली होती. त्यातलं एक आमच्याच कोपऱ्यावरचं. त्या दुकानदाराला आत्या 'दादा' म्हणायची, तो तिला 'ताई'. वडील गेले त्या दिवशी दुकान बंद करून सगळ्यांत आधी आमच्या दारात आलेला माणूस तोच. त्याच्या गल्ल्याशेजारी तिच्यासाठी एक खुर्ची होती, तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं त्याला चालायचं नाही. आत्या आली की चहा यायचा, मग भाव, मग खरेदी, मग पुन्हा गप्पा. तिथून ती घरी यायची ती फुललेल्या चेहऱ्याने. "दादा सरळ माणूस आहे," ती म्हणायची, "त्याच्याकडे कधी उडी नसते. हळूहळू वाढवतो. बाकीचे नुसते लुटारू."

आमच्या शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर राहायचे. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. त्यांची पेन्शन या महागाईच्या आकड्याला बांधलेली होती, त्यामुळे आकडा जाहीर झाला की त्यांचं आणि आत्याचं पायरीवर भांडण ठरलेलंच.

"भाववाल्या बाई, एवढीशी वाढ? या वाढीत माझं पंधरा दिवसांचं तेलसुद्धा येत नाही!"

"तुमचा हात सैल आहे काका. तेल मीही आणते. तुम्ही तळण कमी करा."

"अहो, तळण? आम्ही फोडणी बंद करायची वेळ आली!"

"मग मोजायला चुकत असाल. भाव मला विचारा, मी रोज बाजारात असते."

काका हात झटकून आत जायचे. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र असायचं, हसू की काय कोण जाणे. मला वाटायचं, म्हातारा हरला म्हणून ओशाळला.

मी शिकले, नोकरी लागली, दुसऱ्या गावी गेले. मधल्या काळात शहर पार बदललं. रेल्वे फाटकापलीकडे एक प्रचंड मोठं दुकान उघडलं, गाड्या लावायला मैदान असलेलं. तिथे लोक ढकलगाडी घेऊन फिरायचे आणि बिलं मशीनमधून निघायची. आत्याला ते आवडलं नाही. "तिथे भाव विचारायला माणूसच नाही," ती म्हणाली. "कुणाशी बोलायचं, डब्याशी?"

संस्थेतही नवे साहेब आले. त्यांनी मोठा अभ्यास हाती घेतला. काळ बदलतोय तसे लोक प्रवास कसा करतात, खरेदी कुठे करतात, वीज आणि इंधन किती जाळतात, याचा. त्यासाठी त्यांनी त्या मोठ्या दुकानाची वर्षावर्षाची बिलं मिळवली आणि कॉम्प्युटरवर आत्याच्या आकड्यांशेजारी ठेवली. ट्रकचं भाडं जुळलं. पेट्रोल, सिलिंडर, वीज जुळलं. किराण्याची उरलेली दोन दुकानं थोडी इकडेतिकडे, पण जुळली. कोपऱ्यावरचं दुकान मात्र कुठल्या कुठे. तेल, साखर, पीठ, चहा, सगळंच स्वस्त. इतकं की ट्रकचं भाडं वाढूनही तिथे जणू माल चालत येत होता. त्यातून एक साबण असा निघाला की तो बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, आणि आत्याकडे त्याचा भाव दर महिन्याला लिहिलेला होता.

साहेबांनी तिला बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, घरी बसून आकडे भरायची सवय कधीपासून लागली?"

हे तिने मला फोनवर सांगितलं. एवढ्या वर्षांत तिच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत खुलासा दिला नाही तर त्या दुकानाचे तिचे सगळे आकडे खोटे ठरवून काढून टाकणार होते. पगार कापला असता तर तिला एवढं लागलं नसतं. "माझे आकडे गेले तर मी केलं काय आयुष्यभर?" ती म्हणाली. मी रजा टाकली आणि घरी आले.

घरी आल्यावर बघते तर आत्या तयारीतच होती. "खुलासा वगैरे काही नाही," ती म्हणाली. "दादा स्वतः येऊन सांगेल साहेबांना. पण त्याआधी बाहेरच्या माणसाने खरेदी करून दाखवली पाहिजे. माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? तू जा. या वेळी गल्ल्यावर दादाची सून असते, ती तुला ओळखत नाही. तेल, साखर आणि तो साबण. मी शिकवलंय तसं. पैसे दे, मग भाव लक्षात ठेव."

आई स्वयंपाकघरातून लगेच बाहेर आली. "तिला कशाला पाठवता वन्सं? ती आत्ताच प्रवासातून आली. मी जाते."

"तू नको. तुला तिथे सगळे ओळखतात."

"मग राहू द्या ना. काय ते साहेब, दोन दिवस बोलतील आणि विसरतील."

आत्याने तिच्याकडे आश्चर्याने बघितलं. मला तेव्हा वाटलं, आई माझी काळजी करतेय. किती भाबडी मी!

दुकानात गल्ल्यावर दुकानदाराची सून होती. नवीन होती, मला ओळखायचं तिला काही कारण नव्हतं. मी तेल घेतलं, साखर घेतली, साबण मागितला. ती म्हणाली, "तो साबण येत नाही हो. बंद झालाय."

"पण त्या तिथे वर तर ठेवलाय."

"तो विकायचा नाही."

मग तिने बेरीज केली. मी आकडा ऐकला आणि मला वाटलं हिचं गणित कच्चं आहे. मी म्हटलं, "एवढे कसे? आमच्या घरी तर तेल याच दुकानातून बरंच कमी भावाने येतं."

"कुठलं घर तुमचं?"

मी सांगितलं. ती मोकळेपणाने हसली. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकाही हसल्या. सून म्हणाली, "अहो, तो ताईंचा दर. तो फक्त त्यांना. तसं मग आधी सांगायचं ना, त्या दराने लावते!" आणि तिने खरंच पैसे परत काढले.

मी ते घेतले नाहीत. पिशवी उचलली आणि बाहेर पडले. रांगेतल्या त्या दोघी हसल्या नसत्या तर कदाचित मी घरी जाऊन काहीतरी सारवासारव केली असती. पण त्या ज्या सवयीने हसल्या त्यावरून मला कळलं, ही जुनी गंमत होती, सगळ्यांच्या ओळखीची.

घरी आल्यावर मी आत्याला जसं घडलं तसं सांगितलं. हातकाटा घेऊन तिने तेल तोललं, साखर तोलली. वजन बरोबर होतं. मग चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग.

दुकानदार आता गल्ल्यावर आला होता. तिला बघून त्याने नेहमीसारखी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"दादा, तेल काय भाव?"

त्याने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग सुनेकडे बघितलं. सुनेने मान खाली घातली. दुकानात गिऱ्हाईक होतं, पण एकही जण आपलं सामान मागेना.

"ताई, बसा तरी."

"भाव सांगा."

त्याने खरा भाव सांगितला. मग तिने साखरेचा विचारला, तोही त्याने खरा सांगितला. पीठ, चहा. ती एकेक विचारत गेली, तो एकेक सांगत गेला, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा आवाज खाली खाली जात होता. शेवटी तिने वरच्या फळीवरच्या साबणाकडे बोट दाखवलं.

"तो ठेवलाय तुमच्यासाठी," तो म्हणाला. "तुमच्या यादीत होता ना. जिन्नस बंद झाला की दुकान बदलतात, असं तुम्हीच एकदा म्हणालात. म्हणून उरलेली पेटी तशीच ठेवली. एकेक देत गेलो."

"आणि भाव?"

"अंदाजाने वाढवायचो."

"का?"

तो गल्ल्याच्या मागून बाहेर आला. म्हणाला, "पहिल्यांदा घाबरलो हो. ऑफिसातून बाई आली, भाव लिहितेय. म्हटलं जास्त सांगितला तर उद्या छापा पडेल. म्हणून कमी सांगितला. मला काय माहीत तुम्ही लगेच पिशवी पुढे कराल आणि त्याच भावाने माल मागाल? दिला. तोंडातून गेलेला भाव, नाही कसं म्हणणार? पुढच्या महिन्यात खरा सांगावा म्हटलं, तर तुमचा तो नियम. एवढी उडी कशी, ट्रक महागला का, माल कमी आला का! मी काय सांगणार? थोडा थोडा वाढवत गेलो, म्हटलं कधीतरी खऱ्याला गाठेन. पण खरा थांबतो होय? तो माझ्यापुढेच पळायचा. मग पुढे सवयच झाली."

"एवढी वर्षं?"

"माझ्याच खिशातून गेलं ना ताई? तुमचं नुकसान तर काही केलं नाही. उलट तुमच्या घरात माणसं तीन आणि तेल जायचं हॉटेलाएवढं, तरी मी कधी बोललो?"

हे तो बोलून गेला आणि त्याला कळलं की बोलायला नको होतं. आत्याने मान वर केली. "हॉटेलाएवढं?"

"वहिनी यादी पाठवायच्या ना तुमच्याबरोबर," तो अडखळत म्हणाला. "त्यांना माहीत आहे की. तुम्ही एकदा आजारी होतात तेव्हा त्या आल्या होत्या. भावावरून माझ्याशी भांडल्या, तेव्हा सांगावंच लागलं."

आत्या निघाली. दुकानदार पायरीपर्यंत आला, "मी येतो ना साहेबांकडे, सांगतो ना, म्हणतो हाच भाव होता," असं काहीबाही बोलत राहिला. तिने मागे वळून बघितलं नाही. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याच वेळी दिसत होतं की तो रडायच्या बेतात आहे. असल्या माणसांवर धड रागावताही येत नाही, हाच त्यांचा सगळ्यांत मोठा गुन्हा.

घरी आई दारातच उभी होती. आमचे चेहरे बघून तिला कळलं.

"वहिनी, कधीपासून माहीत होतं?"

आई आधी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. "तुमचं आजारपण झालं त्या वर्षापासून," ती म्हणाली.

"म्हणून यादी वाढली."

"वाढली. माझ्या बहिणीकडचंही त्यातच मागवायचे. दोन डबे जास्तीचे भरायचे आणि तिला बाजारभावाने द्यायचे. तेवढंच शिल्लक राहायचं."

"तुझ्या बहिणीलाही विकायचीस?"

"मग काय करायचं होतं?" आता आईचा आवाज चढला. "तुमचा पगार तो किती! हिची कॉलेजची फी कुठून आली वाटतं तुम्हाला? सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी ते दुकान सोडलं असतंत. तुमचं तत्त्व राहिलं असतं आणि ही घरी बसली असती!"

मी तिथेच उभी होते. ज्या बाईच्या जिवावर आम्ही उभे राहिलो तिच्याच हातात दर महिन्याला पिशवी देऊन आम्ही तिला फसायला पाठवत होतो, आणि माझी पदवी त्यातून निघाली होती.

आत्या एवढंच म्हणाली, "मी लोकांना म्हणायचे, महागाई तुमच्या डोक्यात आहे. बाजारात मी जाते." मग ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संस्थेत गेली. मी बरोबर गेले, तिने नको म्हटलं तरी. साहेबांच्या खोलीत काचेचं टेबल होतं आणि भिंतीवर चढत्या रेघांचे रंगीत तक्ते. ते तरुण होते, नम्र होते, आणि बोलताना सारखे घड्याळ बघत होते. आत्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आईचं सोडून. शेवटी म्हणाली, "त्या दुकानाचे माझे सगळे आकडे खोटे आहेत. काढून टाका."

कालपर्यंत जे होऊ नये म्हणून ती तळमळत होती तेच आता ती मागत होती. साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली.

"तुम्ही त्या भावाने खरेदी केलीत?"

"हो."

"दर वेळी? पैसे देऊन?"

"हो."

"मग तो भाव खरा आहे." साहेब हसले. "गिऱ्हाईकाने प्रत्यक्ष दिलेली किंमत म्हणजे भाव. व्याख्याच आहे. तुम्ही काही चूक केलेली नाही. मी जे बोललो ते मागे घेतो."

"पण ती फक्त मला मिळत होती! गल्लीतलं दुसरं कुणीही जास्त देत होतं."

"बाई, जरा समजून घ्या. आता ते आकडे काढायचे म्हणजे मागची सगळी वर्षं नव्याने मोजायची. बसचं तिकीट, पेन्शन, पगार, सगळ्यांचे दावे उभे राहतील. तीन दुकानांतलं एक. फरक पडून पडून किती पडतो? थोडासाच."

"त्या थोड्याशावरून आमच्या शेजारचे काका दर महिन्याला माझ्याशी भांडायचे," आत्या म्हणाली. "पेन्शनमध्ये भागत नाही म्हणून. मी त्यांना तळण कमी करा म्हणायचे."

साहेब म्हणाले की पुढच्या महिन्यापासून किराण्याचे भाव मोठ्या दुकानाच्या बिलांवरूनच घेणार आहेत, त्यामुळे हा प्रश्न पुढे येणारच नाही. आत्याची फेरी बंद. सन्मानाने निवृत्ती, निरोपाचा छोटासा कार्यक्रम, भाषण ते स्वतः करतील. "तुमच्या आकड्यांवर हे शहर इतकी वर्षं उभं होतं," ते म्हणाले. मला वाटतं त्यांना हे कौतुकच वाटत होतं.

"खोटं ठरवायला निघालात तेव्हा माझा एक शब्द ऐकला नाहीत," आत्या म्हणाली. "आता मीच खोटं आहे म्हणतेय तर तेही ऐकत नाही. माझं नेमकं कधी ऐकणार होतात?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. आम्ही निघालो. बसमध्ये तिने तिकीट काढलं आणि त्याकडे बघत बसली. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा ड्रायव्हरकाका नेहमीसारखे पायरीवर बसले होते. आई आमची वाट बघत दाराबाहेर उभी होती. आत्या आईला ओलांडून काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, तुमचं बरोबर होतं. वाढ कमी होती. माझ्यामुळे होती. त्या दुकानात मला वेगळा भाव होता आणि तोच मी लिहीत होते. संस्थेत सांगून आले. ते काही करणार नाहीत. तुमचे पैसे गेले ते गेले." तिने हात जोडले. तिला कुणापुढे हात जोडताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

काका गडबडीने उठले. "अहो ताई, हे काय? हात कसले जोडता? मला माहीत होतं की."

"काय माहीत होतं?"

"तुमचा दर. सगळ्या गल्लीला माहीत होतं. नवीन बिऱ्हाड आलं की आधी हीच गंमत सांगायचे."

आत्याचे हात खाली आले. "मग मला का नाही सांगितलंत?"

"भांडलो की हो दर महिन्याला!"

"पेन्शन पुरत नाही म्हणून भांडलात. दुकानाबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत. तुमच्या ताटातलं जात होतं काका, तरी गप्प बसलात?"

काकांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अगदी प्रेमाने, समजूत घालायच्या स्वरात म्हणाले, "कसं सांगणार? तुम्ही पिशवी घेऊन यायचात तेव्हा इतक्या खुशीत असायचात. आमची ही म्हणायची, जाऊ द्या, नका सांगू. बिचारीला तेवढं एकच तर सुख आहे."

"बिचारी," आत्या म्हणाली.

काकांनी केसाने गळा कापला नव्हता, कुणीच कापला नव्हता. दुकानदाराने स्वतःचे पैसे घातले, आईने माझं शिक्षण केलं, काकांनी फोडणी बंद केली. आणि इतकी वर्षं ताठ मानेने या गल्लीतून चालणारी बाई सगळ्यांच्या लेखी बिचारी होती. तिला ते आत्ता कळत होतं, पायरीवर, भर दुपारी, आमच्यासमोर.

ती घरात गेली आणि आतून कडी लावली. आमच्या घराला दिवसा कडी कधीच नसायची. मी आणि आई दोघीही बाहेर राहिलो. काका खाली मान घालून आत निघून गेले. आईने दारावर हात ठेवला आणि हळूच हाक मारली.

"वन्सं. दार उघडा. मी आहे."

आतून आत्याचा आवाज आला, अगदी दाराजवळून, पाहुण्याला विचारावं तितक्या सौम्यपणे.

"मी म्हणजे कोण?"